नव्या देशातलं गाव कुणाच्या नजरेने निवडायचं?

मित्रहो, कॅनडाला जायचं नक्की झालं की घरात पहिली चर्चा व्हिसाची होते, दुसरी पैशांची, आणि तिसरी गरम कपडे इथून न्यायचे की तिथे घ्यायचे याची. तिथे नेमकं कुठल्या गावात राहायचं, यावर चर्चा होताना मी फार कमी घरांत पाहिली आहे. ते आपोआप ठरून गेलेलं असतं. नवऱ्याचा कॉलेजातला मित्र ब्रॅम्प्टनला आहे, म्हणून ब्रॅम्प्टन. मावसबहीण कॅल्गरीला आहे, म्हणून कॅल्गरी. एजंटने सांगितलं की अमुक प्रांताचं नॉमिनेशन, म्हणजे त्या प्रांताने केलेली निवड, लवकर मिळतं, म्हणून तो प्रांत. दोन खोल्यांचा फ्लॅट घेताना आपण वर्षभर साइट पालथ्या घालतो, पाणी किती वेळ येतं ते शेजाऱ्यांना विचारतो. आणि ज्या गावात मुलं लहानाची मोठी होणार, ते गाव मात्र फोनवरच्या दोन वाक्यांवर ठरतं.

ऑन्टॅरिओ प्रांतातल्या टोरांटोच्या पश्चिमेला मिसिसागा आणि ब्रॅम्प्टन ही दोन मोठी शहरं एकमेकांना लागून आहेत. नव्याने आलेल्या कुटुंबांना तिथे बस्तान बसवायला मदत करणाऱ्या एका केंद्रात मी बरीच वर्षं काम केलं. घर शोधणं, हेल्थ कार्ड काढणं, मुलांचा शाळाप्रवेश, बायकांचे इंग्रजीचे वर्ग, पदव्यांची कागदपत्रं, अशी सगळी कामं. मराठी घरं आली, पंजाबी, गुजराती, तमिळ, फिलिपिनो आली, नायजेरियातून आली. पहिल्या महिन्यात आलेली माणसं मी दुसऱ्या-तिसऱ्या हिवाळ्यातही पाहिली. कुणाचं घर मार्गी लागलं, कुणाचं आतून उसवत गेलं, हे जवळून बघता आलं. त्यावरून माझं एक ठाम मत झालंय. घरातल्या ज्या माणसाला तिथे सगळ्यात जड जाणार आहे, त्याच्या नजरेने गाव निवडा.

हे उलट का वाटतं, ते सांगते. आपल्याकडे गाव निवडतो तो ज्याच्या नावावर अर्ज आहे तो. त्याचं शिक्षण, त्याचा अनुभव, त्याचे गुण. कॅनडाने १९६७ साली गुणांची पद्धत आणली, तेव्हापासून माणसाला देशात घ्यायचं ते त्याच्या शिक्षण-भाषा-वय यांच्या हिशोबाने. २०१५ पासून एक्स्प्रेस एन्ट्री ही ऑनलाइन अर्जांची पद्धत आली आणि हा हिशोब १,२०० गुणांचा झाला. जोडीदाराच्या शिक्षणाला आणि भाषेलाही त्यात थोडे गुण आहेत, पण ते थोडेच. म्हणजे सरकारच्या कागदावर घराचा एक मुख्य माणूस असतो आणि बाकीचे त्याच्याबरोबर येतात. हीच मांडणी आपण नकळत घरात आणतो. पण हा मुख्य माणूस बहुतेक वेळा आयटीतला असतो. त्याला टोरांटोत काम मिळेल, कॅल्गरीत मिळेल, पूर्वेच्या नोव्हा स्कोशिया प्रांतातल्या हॅलिफॅक्सला बसून टोरांटोच्या कंपनीचंही करता येईल. त्याचं कुठेही निभावतं. निभावत नाही ते इथे आठ-दहा वर्षं परिचारिका म्हणून, शिक्षिका म्हणून, फिजिओथेरपिस्ट म्हणून काम केलेल्या त्याच्या बायकोचं. किंवा दहावीच्या तोंडावर उचलून नेलेल्या मुलाचं. किंवा आई-वडिलांचं. काही घरांत हे उलटंही असतं. बायकोची नोकरी पक्की असते आणि नवरा ‘बघू, काहीतरी मिळेल’ म्हणत विमानात बसलेला असतो. त्या घरात मग त्या नवऱ्याच्या नजरेने गाव बघायला हवं.

आता याचे धागे एकेक करून बघू. सगळ्यात आधी परवान्याचा, कारण त्याबद्दलचं अज्ञान मला सगळ्यात महागात पडताना दिसलंय.

कॅनडात दहा प्रांत आणि तीन टेरिटरीज आहेत. तुम्हाला देशात घेतं केंद्र सरकार, पण तुम्ही रोज जगता ते प्रांताच्या कायद्याखाली. आरोग्यसेवा प्रांताकडे, शाळा प्रांताकडे, आणि व्यवसायाचे परवानेही प्रांताकडे. डॉक्टर, परिचारिका, शिक्षक, इंजिनिअर, फिजिओथेरपिस्ट, वकील या प्रत्येकासाठी प्रत्येक प्रांतात वेगळी नियामक संस्था असते. इथून निघताना आपण सगळे वेस नावाच्या संस्थेकडून पदवीचं मूल्यांकन करून घेतो. मुंबई किंवा पुणे विद्यापीठाकडून ट्रान्स्क्रिप्ट मिळवायला काय हेलपाटे घालावे लागतात ते तुम्हाला माहीतच आहे. तो कागद हातात आला की वाटतं, झालं, पदवी मान्य झाली. ती मान्य झाली फक्त इमिग्रेशनच्या गुणांपुरती. काम करायची परवानगी देणारी संस्था वेगळी, तिचा अर्ज वेगळा, फी वेगळी, आणि किती थांबावं लागेल तेही वेगळं.

परिचारिकांचं उदाहरण घ्या. २०२३ च्या मार्च महिन्यात नोव्हा स्कोशिया प्रांताच्या नर्सिंग नियामकांनी भारतासह सात देशांतल्या नोंदणीकृत परिचारिकांसाठी वाट बरीच सोपी केली. शिक्षण तपासण्याचं लांबलचक प्रकरण कमी झालं. परीक्षा द्यावी लागतेच, पण परीक्षेपर्यंत पोहोचण्याचा रस्ता छोटा झाला. आता विचार करा. नवरा सॉफ्टवेअरमध्ये, बायको पुण्याच्या रुग्णालयात आयसीयूत काम केलेली. मित्र ब्रॅम्प्टनला आहे म्हणून ते ब्रॅम्प्टनला जातात, आणि बायको दुसऱ्या वर्षीसुद्धा गोदामात खोकी भरत असते. नोव्हा स्कोशियाचं नावही तिने ऐकलेलं नसतं. मी असं घर पाहिलंय. आम्ही तिला माहिती दिली तेव्हा नवऱ्याने नोकरी बदललेली होती, मुलगी शाळेत रुळली होती, आणि पुन्हा सगळं उचलून आणखी हजार-दीड हजार किलोमीटर पूर्वेला जाण्याचं त्राण त्या घरात उरलेलं नव्हतं. ती बाई हुशार होती, कष्टाळू होती. गाव निवडताना तिच्या पेशाचा विचारच झाला नव्हता.

डॉक्टरांचंही असंच. बाहेर शिकलेल्या आणि स्वतंत्रपणे प्रॅक्टिस केलेल्या फॅमिली डॉक्टरांसाठी अनेक प्रांतांत अशी योजना आहे की साधारण तीन महिने देखरेखीखाली काम करून दाखवायचं, आणि पास झालात की ठरवून दिलेल्या, डॉक्टरांची टंचाई असलेल्या भागात काही वर्षं सेवा द्यायची. ब्रिटिश कोलंबियात, मॅनिटोबात, नोव्हा स्कोशियात हे बऱ्याच आधीपासून होतं. ऑन्टॅरिओने ते उशिरा सुरू केलं. म्हणजे डॉक्टर असलेल्या माणसाने टोरांटोच्या उपनगरात घर भाड्याने घेण्याआधी कुठल्या प्रांताची योजना आपल्याला लागू पडते, हे बघणं भाग आहे. आणि ती योजना तुम्हाला अशा गावात नेईल जिथे दुसरं मराठी घर नसेल. त्याची तयारी दोघांनी मिळून करायची.

इंजिनिअरांना थोडी सूट आहे. परवाना नसतानाही परवानाधारक इंजिनिअरच्या हाताखाली काम करता येतं, फक्त स्वतःला इंजिनिअर म्हणवता येत नाही आणि आराखड्यावर सही करता येत नाही. ऑन्टॅरिओच्या संस्थेने २०२३ मध्ये कॅनडातल्या अनुभवाची अट काढून टाकली, ती आपल्याकडच्या पोरांना फार जाचत होती. दंतवैद्यांची परीक्षा देशभर एकच आहे, त्यामुळे त्यांना प्रांताचा फारसा फरक पडत नाही. शिक्षकांना मात्र पडतो. ज्याचा जो पेशा, त्याने त्या-त्या प्रांताच्या नियामक संस्थेला इथूनच ईमेल करायचा. त्या संस्था उत्तर देतात. एजंटला विचारू नका, त्याचं काम व्हिसापाशी संपतं.

भाषेबद्दल एकच गोष्ट सांगते, पण ती मोठी आहे. क्वेबेक प्रांत १९९१ च्या करारानुसार आपले स्थलांतरित स्वतः निवडतो. माँट्रियल सुंदर शहर आहे, टोरांटोच्या मानाने भाडी कमी, पाळणाघरं स्वस्त. पण १९७७ च्या कायद्यानुसार तिथे स्थायिक होणाऱ्या स्थलांतरितांच्या मुलांना सरकारी शाळा फ्रेंच माध्यमाचीच मिळते. २०२२ च्या कायद्याने त्यात भर घातली. येऊन सहा महिने झाले की काही अपवाद सोडता सरकारी कारभार तुमच्याशी फ्रेंचमध्येच होणार. पाच वर्षांचं मूल सहा महिन्यांत फ्रेंच बोलायला लागतं, त्याची काळजी करू नका. नववीतल्या मुलीचा विचार करा. तिला गणित, विज्ञान, इतिहास, सगळं नव्या भाषेत शिकायचंय, आणि तेही मैत्रिणी सुटल्याच्या दुःखात. दहावी-बारावीतली मुलं असतील तर घरात ज्याला सगळ्यात जड जाणार तो माणूस तीच असतात, आणि त्यांना विचारायचं मात्र कुणाला सुचत नाही. ज्यांना फ्रेंच येतं किंवा मनापासून शिकायचंय, त्यांनी क्वेबेकचा विचार जरूर करावा, न्यू ब्रन्सविकचाही करावा. तो देशातला एकमेव प्रांत आहे जो अधिकृतपणे द्विभाषिक आहे.

आता रस्त्यावर येऊ. इथे मला जरा थांबायचंय, कारण उत्तर अमेरिकेतल्या उपनगरात गाडीशिवाय राहणं म्हणजे काय, हे पुण्या-मुंबईच्या माणसाला तिथे जाईपर्यंत खरंच कळत नाही. आपल्याकडे कोपऱ्यावर किराणा दुकान असतं, रिक्षा असते, पायी जाता येतं. तिथे घरांची वसाहत म्हणजे फक्त घरं. दूध आणायला दोन किलोमीटर, आणि ते दोन किलोमीटर सहापदरी रस्त्याच्या कडेने.

मिसिसागातलीच दोन ठिकाणं घ्या. मेडोव्हेल आणि पोर्ट क्रेडिट. दोन्हीकडे टोरांटोला जाणाऱ्या गो ट्रेनचं स्टेशन आहे. नकाशावर बघणाऱ्याला वाटेल, दोन्ही सारखेच. पण मेडोव्हेल आहे मिल्टन मार्गावर, आणि त्या मार्गावर गाडी फक्त कामाच्या दिवशी धावते. सकाळी टोरांटोकडे, संध्याकाळी टोरांटोकडून. अधेमधे आणि शनिवार-रविवारी गो बस. पोर्ट क्रेडिट आहे तळ्याकाठच्या मार्गावर, तिथे दिवसभर, आठवड्याचे सातही दिवस गाडी असते. ऑफिसला जाणाऱ्या नवऱ्याला दोन्ही सारखेच, कारण तो सकाळी जातो आणि संध्याकाळी येतो. जिला दुपारी एकची शिफ्ट मिळाली आहे, जिला शनिवारी परीक्षेच्या क्लासला टोरांटोत जायचंय, जिला सकाळी अकरा वाजता मुलाखतीला बोलावलंय, तिच्यासाठी ही दोन वेगळी गावं आहेत. पोर्ट क्रेडिटला भाडं जास्त आहे, मान्य. पण दुसरी गाडी, तिचा विमा, तिचं पेट्रोल यांचा हिशोब घाला आणि मग ठरवा. ब्रॅम्प्टनसारख्या ठिकाणी गाडीचा विमा ऐकून नवी माणसं अक्षरशः गप्प होतात. ऑन्टॅरिओत विम्याचा हप्ता तुम्ही राहता त्या पिनकोडवरही ठरतो. मॅनिटोबा, सस्कॅचेवान आणि ब्रिटिश कोलंबियात गाडीचा मूळ विमा सरकारी कंपनीचा असतो, तिथलं गणित वेगळं.

आणि गाडी चालवायची तर लायसन्स लागतं. भारताचं लायसन्स तिथे थेट बदलून मिळत नाही, लेखी आणि रस्त्यावरची परीक्षा द्यावीच लागते. निघण्यापूर्वी आरटीओकडून आपल्या लायसन्सचा आणि अनुभवाचा दाखला काढून ठेवा, त्याने मधला थांबण्याचा काळ कमी होतो. हा दाखला नवरे स्वतःसाठी काढतात. बायकोचंही लायसन्स असतं, ती इथे स्कूटर आणि कार दोन्ही चालवत असते, तरी तिचा दाखला काढायचा राहून जातो. दोघांचाही काढा.

आता आई-वडील. इथे समोर बरीच ज्येष्ठ मंडळी बसली आहेत, म्हणून सविस्तर बोलते. २०११ च्या अखेरीस आई-वडिलांसाठीचा सुपर व्हिसा सुरू झाला. आता त्यावर एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहता येतं. त्यासाठी किमान एक लाख कॅनेडियन डॉलरचा वैद्यकीय विमा स्वतःच्या पैशाने काढावा लागतो. हे सगळं मुलं व्यवस्थित करतात. पण मग आई-बाबा तिथे पोहोचतात, सकाळी सात वाजता मुलगा-सून कामाला जातात, नातू शाळेत जातो, आणि संध्याकाळी साडेपाचपर्यंत ही दोन माणसं घरात. बाहेर जायचं तर कुठे? इथे रोज सकाळी टेकडीवर जाणारे, मंडईत जाऊन भाजी आणणारे, कट्ट्यावर तास-तासभर बोलणारे बाबा तिथे खिडकीपाशी बसून राहतात. मी अशा बाबांना आमच्या केंद्रात आणलंय. पहिल्या दिवशी ते इंग्रजीत ‘गुड मॉर्निंग’ म्हणून गप्प बसतात. शेजारच्या खुर्चीवरच्या लाहोरच्या आजोबांशी हिंदीत बोलायला लागले की मग चार तास उठत नाहीत. असं केंद्र, असं ग्रंथालय, असं मंदिर किंवा निदान एखादा मॉल घरापासून बसने किंवा पायी गाठता येतो का, यावर त्या माणसाचे तिथले दिवस अवलंबून असतात.

पायी म्हणताना बर्फ विसरू नका. हिमवर्षाव झाला की पदपथ कोण साफ करतं, हे गावागणिक वेगळं असतं. माँट्रियलमध्ये महापालिका करते. टोरांटोत आता जवळपास सगळीकडे महापालिकाच करते. कॅल्गरीत घरासमोरचा पदपथ घरमालकाने बर्फ थांबल्यापासून चोवीस तासांत साफ करायचा असतो. दहा घरांतल्या आठांनी केला आणि दोघे सुट्टीवर गेले असले, तर सत्तरीच्या माणसासाठी तो रस्ता बंदच झाला. तरुण माणूस उडी मारून जातो, त्याच्या हे लक्षातही येत नाही.

थंडीबद्दल लोक मला नेहमी आकडा विचारतात. विनिपेगला जानेवारीची सरासरी उणे सोळाच्या आसपास, टोरांटोला उणे चार-पाच, व्हँकुव्हरला शून्याच्या वर. विनिपेग, एडमंटन, सस्काटून इकडे गाड्यांच्या तोंडातून वायर लोंबताना दिसेल. रात्री इंजिन गरम ठेवायला ती भिंतीतल्या प्लगला लावतात. पण माझ्या अनुभवात माणसं थंडीने खचत नाहीत. जॅकेट, बूट, टोपी घातली की उणे वीसमध्येही चालता येतं. माणसं खचतात अंधाराने. एडमंटनला डिसेंबरच्या शेवटी सूर्य पावणेनऊच्या सुमाराला उगवतो आणि सव्वाचारला मावळतो. कामाला जाताना अंधार, येताना अंधार. आणि व्हँकुव्हरला थंडी नाही म्हणून आनंदाने गेलेली माणसं नोव्हेंबर ते फेब्रुवारी रोजच्या पावसाने आणि करड्या आभाळाने बेजार होतात. उलट कॅल्गरीला थंडी कडक, पण ऊन भरपूर, आणि मधूनच पर्वताकडून चिनूक वारा आला की काही तासांत पारा पंधरा-वीस अंशांनी चढतो. ज्या माणसाला दिवसभर घरात राहायचंय, त्याला उन्हाचा प्रश्न विचारा. ऑफिसात बसणाऱ्याला त्याने फारसा फरक पडत नाही.

मघाशी चहाच्या वेळी एका काकूंनी मला विचारलं, ‘आपली माणसं जवळ असणं महत्त्वाचं नाही का?’ काकू, महत्त्वाचं आहे, फार महत्त्वाचं आहे. परक्या देशात बाळंतपण निघालं, कुणी आजारी पडलं, तर रात्री दोनला दार वाजवता येईल असं घर लागतं. टोरांटो भागात मराठी मंडळ आहे, गणपती आहे, दिवाळी अंक पोहोचतात, मुलांसाठी मराठी शाळा भरते. याने माणूस उभा राहतो, हे मी पाहिलंय. पण दोन गोष्टी लक्षात घ्या. एक म्हणजे, आपली माणसं भरपूर असलेल्या गावात आपल्याच पेशाची माणसंही भरपूर असतात. २०२१ च्या जनगणनेत ब्रॅम्प्टनची लोकसंख्या साडेसहा लाखांवर होती आणि त्यातली निम्म्याहून अधिक माणसं दक्षिण आशियाई. तिथे बेसमेंटमधल्या खोलीसाठी आणि गोदामातल्या शिफ्टसाठी जी चढाओढ चालते, तीही आपल्याच माणसांत. दुसरं असं की मित्र तुम्हाला पहिल्या महिन्यात मदत करेल, पण त्याचंही आयुष्य धावपळीचंच असतं. पाचशे मराठी घरांच्या गावात तुम्ही एकटे पडू शकता आणि न्यू ब्रन्सविकमधल्या, पाच मराठी घरांच्या मँक्टनमध्ये दर शनिवारी पंगत बसू शकते. किती घरं आहेत यापेक्षा ती घरं एकमेकांकडे जातात का, ते विचारा.

पैशांबद्दल पटकन. अल्बर्टात, म्हणजे कॅल्गरी-एडमंटनच्या प्रांतात, खरेदीवर फक्त ५ टक्के कर आहे, ऑन्टॅरिओत १३. आरोग्य विमा ऑन्टॅरिओत २०२० पासून पहिल्या दिवसापासून मिळतो. अल्बर्टातही वेळेत नोंदणी केली तर पोहोचल्या दिवसापासून. ब्रिटिश कोलंबियात आल्याचा उरलेला महिना आणि पुढचे दोन महिने थांबावं लागतं, तेवढ्यापुरता खासगी विमा घ्या. भाड्याच्या बाबतीत ऑन्टॅरिओत १५ नोव्हेंबर २०१८ नंतर पहिल्यांदा राहत्या झालेल्या इमारतींना भाडेवाढीची मर्यादा लागू नाही. म्हणजे चकचकीत नवा कॉन्डो घेतलात तर वर्षाने मालक कितीही वाढवू शकतो. जुन्या इमारतीला वास येतो, लिफ्ट कुरकुरते, पण भाडं काबूत राहतं. मालक शेवटच्या महिन्याचं भाडं आगाऊ घेऊ शकतो, मोडतोडीच्या नावाने वेगळं डिपॉझिट मात्र घेऊ शकत नाही. हे माहीत नसल्याने नवी माणसं पैसे भरून मोकळी होतात.

आता प्रांताच्या नॉमिनेशनचा अवघड प्रश्न. प्रांताने निवडलं की एक्स्प्रेस एन्ट्रीत एकदम ६०० गुण मिळतात, म्हणजे स्थायिक होण्याचा मार्ग जवळपास मोकळाच. त्यामुळे एजंट सांगतो, कुठल्याही प्रांतातून घ्या, पीआर, म्हणजे कायम रहिवासाचा परवाना, हातात आलं की टोरांटोला निघा. १९८२ च्या हक्कांच्या सनदेने कायम रहिवाशाला देशात कुठल्याही प्रांतात जाऊन राहण्याचा आणि काम करण्याचा हक्क दिलाय, हे खरं आहे. पण अर्जावर तुम्ही सही करता की माझा त्या प्रांतात राहण्याचा इरादा आहे. इरादा नसताना ती सही केली तर ती खोटी माहिती ठरते, आणि खोट्या माहितीसाठी पाच वर्षांची बंदी येऊ शकते. कायद्याची भीती बाजूला ठेवा, मला त्यात दुसरीच गोष्ट खटकते. सस्कॅचेवानसारख्या प्रांताने तुम्हाला बोलावलं ते त्यांना माणसं हवी आहेत म्हणून. अटलांटिक किनाऱ्यावरच्या चार प्रांतांनी २०१७ मध्ये प्रयोग म्हणून योजना सुरू केली, ती २०२२ पासून कायमची झाली, कारण तिथली तरुण माणसं बाहेर जात होती. ज्या गावाने दार उघडलं, त्याला निदान प्रामाणिकपणे एकदा राहून बघावं. आणि हे कोटे दरवर्षी हलतात. २०२४ साली प्रांतांचं उद्दिष्ट १ लाख १० हजार होतं, २०२५ साठी ते ५५ हजारांवर आणलं. त्यामुळे सोपा मार्ग म्हणून प्रांत निवडणाऱ्याचा पाया दर वर्षी सरकतो. तुमच्या पेशामुळे, मुलांमुळे तो प्रांत हवा असेल तर गोष्ट वेगळी.

मग इथे बसून करायचं काय? नकाशा उघडा. ज्या पत्त्यावर राहायचा विचार आहे तो टाका, आणि फेब्रुवारीतल्या एखाद्या रविवारी सकाळी आठची वेळ टाकून बसचा मार्ग मागा. रुग्णालयापर्यंत किती वेळ, ग्रंथालयापर्यंत किती, किराणा दुकानापर्यंत किती. कॅनडा सरकारच्या जॉब बँक या साइटवर पेशा आणि प्रदेश टाकला की तिथलं वेतन आणि पुढच्या काही वर्षांतली कामाची शक्यता दिसते. ती दोघांच्याही पेशासाठी बघा, वेगवेगळी. शाळा राहत्या पत्त्यावरून ठरते, म्हणून त्या पत्त्याला कुठली शाळा लागते ते शिक्षण मंडळाच्या साइटवर पाहून घ्या. नव्या माणसांसाठी भाषेचे मोफत वर्ग कुठे भरतात आणि तिथे लहान मुलांना सांभाळायची सोय आहे का, हेही. ही सोय असलेले वर्ग सगळीकडे नाहीत, आणि तीन वर्षांचं मूल कडेवर असलेल्या आईला घराबाहेर पडायची बहुतेक वेळा तीच पहिली संधी असते. आणि फॅमिली डॉक्टर. बऱ्याच ठिकाणी नवे रुग्ण घेणारे डॉक्टरच नसतात, प्रतीक्षा यादीत नाव घालून थांबावं लागतं. घरात मधुमेहाचा, दम्याचा रुग्ण असेल तर हा प्रश्न पहिल्या पाचांत आणा.

आणि हे सगळं एका माणसाने करायचं नाही. चौघे बसा. जिला जड जाणार आहे तिला, ज्याला जड जाणार आहे त्याला आधी बोलू द्या. नवऱ्याच्या मनात ब्रॅम्प्टन असेल आणि बायकोच्या पेशाला हॅलिफॅक्स सोयीचं असेल, तर भांडण इथे होऊ द्या, पुण्यात, जिथे संध्याकाळी आईकडे जाऊन जेवता येतं.

शेवटी वेळेबद्दल. जमल्यास जुलैच्या सुमारास पोहोचा. सप्टेंबरमध्ये शाळा सुरू होतात, त्याआधी नाव घालायला आणि मुलांना गाव बघायला वेळ मिळतो, आणि पहिली थंडी यायच्या आत लायसन्सची परीक्षा देता येते. भाड्याचा करार पहिल्यांदा एका वर्षाचा करा. घर विकत घेण्याची घाई मुळीच नको. बँक कर्ज देते, घरांचा एजंट चावी हातात ठेवतो, आणि मग गाव चुकलंय असं वाटलं तरी हलता येत नाही. दोन हिवाळे भाड्याने राहा. दुसऱ्या हिवाळ्यात, फेब्रुवारीत, जी व्यक्ती दिवसभर घरात असते तिला विचारा की इथे राहायचं का. ती हो म्हणाली तर घर बघायला लागा. ती नाही म्हणाली तर पुढचा प्रांत शोधा, हक्क आहे तुमचा तो. आता प्रश्न घेऊ या. ज्यांच्या हातात पीआरचा कागद आलेला आहे त्यांनी आधी विचारा, त्यांच्याकडे वेळ कमी आहे.